परिग्रह, झीज आणि जुनी हायब्रिड गाडी

जुनी हायब्रिड आलिशान गाडी ही बहरीनमध्ये घ्यायला सोपी आणि सांभाळायला अवघड अशी वस्तू आहे. नवी असताना जी बड्या अधिकाऱ्याच्या दारात उभी असते, तीच दहा-पंधरा वर्षांनी मध्यम पगाराच्या अकाउंटंटच्या किंवा इंजिनिअरच्या आवाक्यात येते. गाडीची किंमत उतरते, गाडीच्या मागण्या उतरत नाहीत. बॅटरी, इन्व्हर्टर, ब्रेकचा ॲक्च्युएटर, काही मॉडेलांतले हवेवरचे सस्पेन्शन यांना मालक बदलल्याचे काहीच ठाऊक नसते. एजन्सीत त्यांचे भाग आलिशान गाडीच्याच भावाने मिळतात. त्यामुळे अशा गाडीच्या बाबतीत मालकी म्हणजे मुख्यतः राखण हेच काम होऊन बसते, आणि एक जुना धार्मिक प्रश्न पुन्हा समोर येतो. वस्तू जपणे हा मोह की कर्तव्य?

भारतीय परंपरेत या प्रश्नाची सर्वांत काटेकोर मांडणी योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सापडते. पतंजलीने दुसऱ्या पादाच्या ३० व्या सूत्रात पाच यम सांगितले, त्यांतला शेवटचा अपरिग्रह. त्याचे कारण देताना भाष्यकार भोगवस्तूंमधले पाच दोष मोजतो. त्या मिळवाव्या लागतात, राखाव्या लागतात, त्या झिजतात, त्यांच्याशी आसक्ती जडते आणि त्यांच्यापायी हिंसा घडते. हे दोष दिसले की साधक वस्तू स्वीकारतच नाही. भाष्यकारासमोर संसारातून बाहेर पडू पाहणारा साधक आहे, गाडीचा हप्ता भरणारा गृहस्थ नाही, हे खरे. पण गृहस्थाला दोष चुकत नाहीत, फक्त नाकारण्याचा सोपा मार्ग त्याच्याकडे नसतो. म्हणून ही यादी त्यालाच अधिक उपयोगी आहे, असे म्हणता येते.

मिळवण्याचा दोष या गाडीत सर्वांत सौम्य दिसतो आणि तोच सर्वांत फसवा असतो. बहरीनचे मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ५० किलोमीटर लांब. मनामाहून कुठेही निघाले तरी थोड्याच वेळात रस्त्याला समुद्र लागतो. २०१६ च्या जानेवारीत सरकारने इंधनाचे दर वाढवले तेव्हा ‘मुमताझ’ प्रतीचे पेट्रोल लिटरला १०० फिल्सवरून १६० फिल्सवर गेले. वाढ मोठी होती, तरी भारतातल्या पंपाच्या मानाने पेट्रोल स्वस्तच राहिले. एवढे कमी अंतर आणि एवढे स्वस्त इंधन असताना पेट्रोलच्या बचतीतून बॅटरीचा खर्च निघेल, हा हिशेब बहुधा घेणाऱ्याने स्वतःच्या आणि घरच्यांच्या समाधानासाठी मांडलेला असतो. खरी ओढ वेगळी असते. सिग्नलला उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज नसणे, कातडी सीट, ‘फुल ऑप्शन’, आणि पुढच्या जाळीवरचे ते बोधचिन्ह. यात लाजण्यासारखे काही नाही, पण काटकसरीचे नाव त्याला देऊ नये. स्वस्तात मिळाली म्हणून वस्तू कमी परिग्रहाची ठरत नाही. फक्त तिचे ओझे पुढच्या चार दोषांवर सरकते.

क्षयाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण हायब्रिडची झीज साध्या गाडीसारखी नसते. लेक्ससची आरएक्स ४००एच २००५ मध्ये बाजारात आली. आलिशान वर्गातली पहिली हायब्रिड म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात ३.३ लिटरचे व्ही-६ इंजिन आहे, विजेच्या मोटरी आहेत, आणि दोघांची शक्ती वाटून देणारा एक गिअरसंच आहे, ज्यात मधल्या चाकाभोवती छोटी चाके फिरतात. मागच्या सीटखाली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते. ३० मॉड्यूल, प्रत्येकात ८ सेल, असे २४० सेल एकामागोमाग जोडून २८८ व्होल्ट उभे केलेले असतात. २००७ ची एलएस ६००एच एल ही ५ लिटर व्ही-८ इंजिनाची लांबलचक गाडी. तिचीही बॅटरी याच जातीची. ब्रेक दाबला की मोटर जनित्रासारखी उलटी चालते आणि एरवी चाकापाशी उष्णता होऊन वाया गेली असती ती ऊर्जा थोडीफार बॅटरीत परत येते. गाडी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. तिची सगळी वीज शेवटी पेट्रोलचीच असते, एवढे मात्र विसरू नये.

सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने संपूर्ण बॅटरीची ताकद सर्वांत दुबळ्या सेलावर ठरते. एका मॉड्यूलची क्षमता घटली की ते इतरांच्या आधी रिकामे होते, आधी भरते आणि जास्त तापते. तापल्याने आणखी घटते. बहरीनचा उन्हाळा या चक्राला वेग देतो. जुलै-ऑगस्टमध्ये सावलीतले तापमान चाळिशीला भिडते आणि समुद्रावरचा दमट वारा रात्रीही उसंत देत नाही. आरएक्स ४००एचची बॅटरी प्रवाशांच्याच हवेवर थंड होते. पंखे गाडीच्या आतली हवा ओढून सेलांमधून फिरवतात. म्हणजे एसी ढेपाळला की माणसाला घाम फुटतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते, दोन्ही एकाच वेळी. हवा आत घेणाऱ्या जाळीवर वाळवंटातली बारीक धूळ साचते. जोडण्यांच्या पट्ट्यांवर दमट, खारट हवेने गंज चढतो. शिवाय परदेशी कुटुंबे नेमक्या याच महिन्यांत सुट्टीवर जातात आणि गाडी उघड्या पार्किंगमध्ये तापत राहते. या जातीची बॅटरी पडून राहिली तरी हळूहळू आपोआप उतरते. बारा व्होल्टची साधी बॅटरीही आखातात दोन-तीन उन्हाळ्यांपलीकडे सहसा टिकत नाही, आणि ती गेली तर गाडीचे संगणक जागेच होत नाहीत, मोठी बॅटरी कितीही भरलेली असो.

झीज पुरेशी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तपासणी यंत्रात पी०ए८० हा कोड उमटतो. बॅटरी बदला, एवढाच त्याचा अर्थ. इथून तीन वाटा फुटतात. एजन्सीतून नवी बॅटरी घ्यावी, जिची किंमत कधी कधी उरलेल्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. किंवा सारख्या क्षमतेची मॉड्यूल निवडून पुन्हा बांधलेली बॅटरी घ्यावी. किंवा सलमाबादच्या एखाद्या गॅरेजमध्ये फक्त मेलेली मॉड्यूल बदलून घ्यावीत. शारजाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून, नाहीतर १९८६ साली खुल्या झालेल्या किंग फहद पुलावरून पलीकडच्या सौदी शहरांतून भाग आणणारेही आहेत. तिसरी वाट स्वस्त आणि सर्वांत अल्पायुषी. नवे मॉड्यूल जुन्यांच्या रांगेत बसवले तरी चाल जुन्यांचीच राहते, आणि काही महिन्यांनी दुसरे कुणीतरी दम टाकते.

अशा दुरुस्त्या वाढत गेल्या की गाडी तीच राहिली का, असा प्रश्न पडतो. पाली परंपरेतल्या मिलिंदपञ्ह या ग्रंथात तो रथाच्या रूपाने आला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, नागसेन भिक्षूकडे रथात बसून येतो. नागसेन त्याला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, दांडा म्हणजे रथ का. प्रत्येक वेळी उत्तर नाही असे येते. रथ हे या साऱ्या जुळणीला दिलेले नाव, असा निष्कर्ष निघतो. प्लूटार्कने सांगितलेल्या थीसिअसच्या जहाजाचाही प्रश्न हाच, पण ग्रीकांना तो जहाजाच्या ओळखीचा वाटला आणि नागसेनाने तो बोलणाऱ्याच्या ‘मी’पर्यंत नेला. शासनाची या वादातली भूमिका अर्थात साधी असते. मालकीपत्रावरचा चासी क्रमांक जुळला की गाडी तीच. तत्त्वज्ञानाने यापेक्षा बरे उत्तर दिले आहे, असे ठामपणे म्हणवत नाही. पण नागसेनाच्या मांडणीतून मालकाला एक उपयोगी गोष्ट कळते. ज्याला तो माझी गाडी म्हणतो ती तीस मॉड्यूल, काही पंप, काही तारा आणि त्यांना काही काळ एकत्र ठेवणारी मेहनत एवढीच आहे. मेहनत थांबली की जुळणी मोडते. क्षय हा अपघात नसून जुळणीचा स्वभाव आहे, आणि राखण हे त्याला दिलेले रोजचे उत्तर आहे.

हे उत्तर देणे दोषच का, यावर मराठीतला सर्वांत मौलिक विचार विनोबा भावे यांनी केला. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ती प्रवचने चालू होती त्याच वर्षी, मे-जूनच्या सांध्यावर, बहरीनमध्ये जबल दुखानच्या पायथ्याला तेल लागले. आखाताच्या अरब किनाऱ्यावरचे ते पहिले तेल. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण एकीने आणलेल्या संपत्तीला दुसरीतल्या विचाराची मोजपट्टी लावण्याजोगी आहे. सतराव्या अध्यायावरच्या प्रवचनात विनोबा म्हणतात की माणूस तीन संस्था घेऊन जन्मतो: शरीर, समाज आणि सृष्टी. वापरामुळे तिन्ही झिजतात. शरीराची झीज तपाने, समाजाची दानाने आणि सृष्टीची यज्ञाने भरून काढायची. जमिनीतून पीक घेतले तर तिला खत द्यायचे, विहिरीपाशी घाण केली तर ती साफ करायची. यज्ञाचे तीन हेतूही ते सांगतात. झीज भरणे, शुद्धी करणे आणि नवे काही निर्माण करणे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले यज्ञचक्र त्यांनी अशा रीतीने होमकुंडातून काढून रोजच्या कामात आणले.

व्यासभाष्याला राखण हा दोष वाटतो आणि विनोबांना झीज भरणे हा यज्ञ वाटतो. वरवर पाहता दोघे विरोधी आहेत. प्रत्यक्षात दोघे वेगळ्या झिजेबद्दल बोलत आहेत. भाष्यकाराला दिसते ती मालकाच्या वस्तूची झीज, जी भरताना मालकाचे मन वस्तूत गुंतत जाते. विनोबांना दिसते ती वापरामुळे सृष्टीची झालेली झीज, जी भरताना माणूस ऋणातून सुटत जातो. जुन्या हायब्रिडच्या दुरुस्तीत या दोन्ही झिजा एकाच बिलावर असतात, म्हणून गोंधळ होतो. बॉडीला नवा रंग, मोठ्या रिमा, सीटचे नवे कातडे, ही पहिल्या प्रकारची राखण. तिला यज्ञ म्हणणे हास्यास्पद ठरेल. बॅटरीची जाळी वेळेवर साफ ठेवणे, इन्व्हर्टरचा कूलंट बदलणे, मेलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता निकेल परत काढणाऱ्यांच्या हाती जाईल असे पाहणे, इंजिनाचे तेल जमिनीत मुरू न देणे, ही दुसऱ्या प्रकारची. चालत्या गाडीचे आयुष्य चार वर्षांनी वाढले तर तेवढा काळ एक नवी गाडी घडवण्याचे पोलाद, निकेल आणि ऊर्जा वाचते, हाही हिशेब खराच. पण इथेही एक मर्यादा आहे. जबल दुखानातून काढलेले तेल कुणालाच परत भरता येत नाही. ब्रेकमधून ऊर्जा परत मिळते तेव्हाही उधळपट्टी थोडी कमी होते, एवढेच. ऋण फिटत नाही. त्यामुळे हायब्रिड गाडी चालवणे हाच यज्ञ, अशी समजूत कुणी करून घेऊ नये. दुरुस्ती हा यज्ञ होऊ शकतो, चालवणे हा भोगच राहतो.

आसक्तीच्या दोषावर सर्वांत नेमके बोट जैनांनी ठेवले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून नव्हे, मनाच्या मूर्च्छेवरून केलेली आहे. घरात गाडी असणे हा परिग्रह नाही. गाडीवर जीव अडकून भान जाणे हा परिग्रह. या व्याख्येने गृहस्थाला सवलतही मिळते आणि कसोटीही. बॅटरीचा कोड उमटला की झोप उडते का? गाडी विकायची वेळ आली हे दिसत असून तिच्यावर आणखी पैसे ओतले जातात का? महाराष्ट्रात खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुसून पुजली जातात आणि दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ पडते. बहरीनमधल्या मराठी घरांतही ती पडते. या पूजेला यंत्रमोह म्हणणारे आहेत. पण पूजेआधी अवजार स्वच्छ करावे लागते आणि त्या दिवशी त्याला विश्रांती मिळते, यावरून तिचा रोख कृतज्ञतेकडे असावा असे वाटते. मूर्च्छा उरलेल्या ३६४ दिवसांतली.

ज्या देशात ही गाडी चालते तिथल्या धर्माचेही यावर स्पष्ट म्हणणे आहे. कुराणाच्या ‘हदीद’ अध्यायात माणसाला त्याच्याकडच्या संपत्तीचा विश्वस्त म्हटले आहे; मालक ईश्वर. फिक्हप्रमाणे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे, स्वतःच्या वापरातल्या घरावर, वाहनावर जकात हे अनिवार्य दान लागत नाही, मग वाहन कितीही आलिशान असो. मात्र जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्याच्या दारात उभ्या गाड्या व्यापारी माल ठरतात आणि त्यांच्या किमतीवर अडीच टक्के जकात येते. म्हणजे आलिशानपणाला कर नाही, पण विश्वस्तपणाची जाणीव आणि उधळपट्टीचा निषेध दोन्ही आहेत. गांधीजींनी ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रातून काढलेली विश्वस्तवृत्ती आणि ही कल्पना यांत अंतर फार नाही.

शेवटचा दोष हिंसेचा. तो मालकाला सहसा दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या अंगावर येतो. हायब्रिडच्या नारिंगी तारांमधला विजेचा दाब माणसाला मारू शकतो, आणि सेलांतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचा जाळते. बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढल्यावर आणि कपॅसिटर रिकामे होईपर्यंत काही मिनिटे थांबल्यावरच, रबरी हातमोजे घालून, काम सुरू करायचे असते. स्वस्त कामासाठी घासाघीस करणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा या मिनिटांवर आणि या हातमोज्यांवरच सूट मागत असतो, त्याला ते माहीत नसले तरी. बहरीनमध्ये २००७ पासून भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी आहे. ती उन्हापुरती आहे, पत्र्याच्या छपराखालच्या उकाड्यात वाकलेल्या मेकॅनिकची काळजी कायद्याइतकीच गिऱ्हाइकालाही घ्यावी लागते. २०६० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प बहरीनने २०२१ मध्ये जाहीर केला, पण देशाच्या संकल्पात मालकाच्या गॅरेजनिवडीचा हिशेब धरलेला नसतो. तो ज्याचा त्याने करायचा.

पाचही दोष पाहिल्यावर, अशी गाडी ठेवावी की नाही, याचे उत्तर काळाशी बांधलेले निघते. दुरुस्तीमुळे सृष्टीची झीज कमी होत आहे, काम करणाऱ्याचा जीव सुरक्षित आहे आणि खर्चामुळे घरातली किंवा बाहेरची अधिक निकडीची देणी मागे पडत नाहीत, तोवर राखण हा धर्म आहे. यातले एकही सुटले की तीच राखण परिग्रह होते आणि गाडी सोडावी.

सोडतानाच अपरिग्रहाची सर्वांत मोठी फसगत होते. कोड पुसून, दिवा विझवून गाडी विकणे हे आखाती बाजारात अवघड नाही. पुसलेला कोड काही दिवसांच्या चालवण्यानंतर पुन्हा उमटतो. तोवर पैसे हातात आलेले असतात. इस्लामी कायद्यात लपवलेला दोष सापडल्यास सौदा मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणाऱ्या व्यापाऱ्याला पैगंबरांनी फटकारल्याची हदीस त्याच्या मागे आहे. धर्मशास्त्रातही याची तरतूद सापडते. याज्ञवल्क्यस्मृतीने खरेदीनंतर वस्तू पारखण्याच्या मुदती ठरवून दिल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. हायब्रिड गाडी लोखंडात मोडते की ओझे वाहणाऱ्या जनावरात, हे ठरवायला आज कुणी शास्त्री बसणार नाही. पण तिचा दोष लोखंडाच्या एका दिवसात दिसत नाही. म्हणून विकणाऱ्याने बॅटरीची खरी अवस्था आधी सांगावी, आणि घेणाऱ्याला गाडी चालवून पाहायला निदान पाच दिवस द्यावेत.